गवयाच्या जागी कपाट नको

प्रश्न : ताई, गंगापूर रोडला आमचा जुना बंगला आहे, खाली-वर मिळून चार खोल्या. खालची १७ बाय १२ फुटांची खोली आम्ही दोघांनी फक्त गाणं ऐकायला राखून ठेवली आहे. यांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर, दोन उभे स्पीकर, रेकॉर्ड प्लेयर आणि सासऱ्यांनी आयुष्यभर जमवलेल्या तीनेकशे रेकॉर्डी तिथं आहेत. टीव्ही वरच्या मजल्यावर. पण सासूबाईंना (वय ७९) आता जिना चढवत नाही. त्यांच्या खोलीत छोटा टीव्ही लावून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "मी एकटी भिंतीकडे बघत बसू का?" त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. म्हणून टीव्ही गाण्याच्या खोलीत आणायचं ठरलंय. मात्र गाणं चालू असताना तो डोळ्यांसमोर नको, ही यांची अट. सुतार म्हणतो, दोन स्पीकरच्या मध्ये पेटी करू, बटण दाबलं की टीव्ही लिफ्टनं वर येईल. दुकानदार म्हणतो, टीव्ही सोडा, भिंतीलगत ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर घ्या, १०० इंचाचं चित्र मिळेल. क्रिकेटसाठी यांना तो मोह पडलाय. आम्ही काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सासूबाईंचं आहे. अर्धं उत्तर त्यातच आलं. हा टीव्ही महिन्यातून दोनदा सिनेमा बघायला लागणार नाही. तो रोज लागणार, दुपारच्या उजेडात लागणार, आणि पुष्कळदा घरात दुसरं कुणी नसताना ७९ वर्षांच्या बाईंना तो स्वतः लावावा लागणार. जे काही कराल ते आधी या कसोटीवर उतरवा, क्रिकेटचं नंतर बघू.

या कसोटीवर प्रोजेक्टर टिकत नाही. दिवसा खिडक्यांचे पडदे ओढल्याशिवाय त्याचं चित्र फिकट दिसतं, आणि रोज दुपारी आजींना अंधारात बसवणं बरं नाही. त्यातून आपल्या घरांत छताचा पंखा असतो. छताला टांगायच्या साध्या प्रोजेक्टरला १०० इंचाच्या चित्रासाठी साधारण ११ फूट अंतर लागतं. तुमच्या खोलीत पंखा मधोमध, म्हणजे साडेआठ फुटांवर असणार. झोत नेमका पात्यांवर येतो. पंखा काढून टाकणं नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात कुणाला मानवेल असं वाटत नाही.

दुकानदारानं सुचवलेल्या प्रोजेक्टरला पंख्याची अडचण नाही, कारण तो भिंतीपासून काही इंचांवर बसून चित्र वर फेकतो. पण त्याला ठेवायला बुटकं कपाट लागतं, तेही बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये. त्याचा झोत पडद्याला जवळजवळ घासून जातो. त्यामुळे गुंडाळायच्या पडद्याला जरा लहर आली की चित्रातल्या सरळ रेघा वाकतात, आणि पंखा चालू असला की पडदा हलतोच. १०० इंच म्हणजे सव्वासात फूट रुंदी. स्पीकर भिंतीपासून पुढं असल्यानं कडेला बसणाऱ्याला चित्राचा खालचा कोपरा स्पीकरआड जातो, आणि तुमच्याकडे कडेला खुर्ची कुणाची असेल ते मी सांगायला नको. शिवाय प्रोजेक्टरच्या आतला पंखा चित्र चालू असेपर्यंत घुमत राहतो. तेव्हा १०० इंचांचा मोह तूर्त बाजूला ठेवा. पुढं कधी वाटलंच, तर सोय असावी म्हणून खोलीचं काम काढताना वायरीसाठी छतापर्यंत दीड इंची पाइप टाकून ठेवा. वायर नंतर ओढता येते, प्लास्टर मात्र पुन्हा फोडावंसं वाटत नाही.

आता सुताराची पेटी. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ऐकायला ती सगळ्यात देखणी कल्पना वाटते आणि खोलीचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

दोन स्पीकरवर नीट बसवलेलं गाणं ऐकताना गवयाचा आवाज उजवीकडून येत नाही, डावीकडूनही येत नाही. तो मधून येतो, जिथं प्रत्यक्षात काहीच नसतं. दोन्ही कानांवर सारखा आवाज पडला की मन त्याला मधोमध बसवतं. तुमच्या सासऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींपैकी बऱ्याच मोनो असतील, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. त्यांत तर सगळी बैठकच त्या मधल्या जागेत मांडलेली असते. ती जागा गवयाची. घरी गाणं ठरवलं तर त्याच्या गादीवर आपण कपाट आणून ठेवू का?

टीव्ही ६५ इंचाचा धरला तर त्याची उंची साधारण ३२ इंच. लिफ्टचा सांगाडा धरला की पेटी ४० इंचांच्या आसपास जाते, म्हणजे बहुतेक उभ्या स्पीकरमधल्या ट्विटरच्याच (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरच्याच) उंचीला. पेटी पुढून मागं दीड फूट तरी खोल हवी. स्पीकर मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढं आहेत असं धरू. मागं गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत यायला सहा फूट जास्त चालतो, त्याला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. पेटीची पुढची फळी दीड फूट अलीकडे आली की हे अंतर तीन फुटांवर येतं आणि वेळ निम्मा होतो. इतका लवकर परतलेला आवाज कानाला वेगळा ऐकू येत नाही, पण मूळ आवाजात मिसळून त्याचा पोत बदलतो. गळा थोडा जाड वाटतो आणि मधल्या जागेची रेखीव कड जाते.

त्याहून वाईट पेटीची पोकळी. नाशिक रोडच्या आमच्या जुन्या घरी मी अशीच पेटी करून घेतली होती, १८ मिलिमीटर प्लायची, आत लिफ्ट, वर झाकण. लिफ्ट अगदी छान चालायची. पण विलंबित ख्याल लावला की डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला शेपूट फुटायचं. मी आठ दिवस स्पीकर सरकवत बसले, मग अ‍ॅम्प्लिफायरवर संशय घेतला. शेवटी एका रात्री पेटीला कान लावला तेव्हा कळलं, घुमत होती ती पेटी. पोकळ, झाकण लावलेलं लाकडी खोकं म्हणजे तबल्याचं खोडच की! आत जुन्या गाद्या कोंबल्या, थोडा फरक पडला. पुरता फरक पडला तो पेटी खोलीबाहेर काढली तेव्हा. त्या संध्याकाळी गाणारी बाई परत मधोमध येऊन बसली, आणि आपण दोन वर्षं काय गमावलं होतं ते त्या एका रागात समजलं. म्हणून मला हे पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं. टीव्ही लपतो, पण तो लपवण्यासाठी केलेली वस्तू चोवीस तास खोलीत उभी असते. निवड त्या वस्तूची करायची आहे.

टीव्हीच्या काचेबद्दलही तुमच्या यजमानांच्या मनात धास्ती असेल. ती थोडी कमी करते. बंद खोक्यातले स्पीकर उंच सूर पुढंच फेकतात. मागं जातो तो मुख्यतः खालचा आणि मधला आवाज. काचेपर्यंत पोचणारे उंच सूर समोरच्या आणि बाजूच्या भिंतींवरून फिरून येतात. आणि मुळात काचेच्या जागी आज काय आहे? सिमेंटचा गिलावा आणि त्यावर रंग. तोही आवाज परतवण्यात काचेपेक्षा फार मागं नाही. म्हणजे भिंतीला चिकटून बसवलेला सपाट टीव्ही उघड्या भिंतीपेक्षा कानाला फारसं जास्त छळत नाही. जमिनीवर स्टँडवर ठेवून पुढं आणलेला टीव्ही मात्र छळतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका. काम काढायच्या आधी घरातली सगळ्यात जाड गोधडी घ्या आणि स्पीकरच्या मागच्या भिंतीवर मध्यभागी दोरीवर टांगा, भिंतीपासून चार बोटं सुटी. यजमानांना नेहमीच्या जागी डोळे मिटून बसवा, ओळखीची रेकॉर्ड लावा, आणि न सांगता तुम्ही गोधडी काढा-घाला. तबल्याची चाट आणि तानपुऱ्याचा झंकार या दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगा. पाच-सहा वेळा करून त्यांना फरक धडपणे ओळखता आला नाही, तर कानासाठी फार खर्च करायची गरज नाही, डोळ्यांपुरतं झाकलं तरी चालेल. ओळखता आला, तर पुढचं वाचा.

डोळ्यांचं महत्त्व मी कमी लेखत नाही. काळ्या काचेत आपलंच बसलेलं ध्यान आणि मागचा दिवा दिसत राहिला की गाण्यात मन लागत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. १९८० च्या दशकातले लाकडी कॅबिनेटचे टीव्ही आठवतात का? पुढं सरकणारी शटरं असायची, कित्येकांना कुलूपसुद्धा. बातम्या संपल्या की शटर ओढून वर क्रोशाचा रुमाल. तुमच्या सासूबाईंना ते नक्की आठवत असेल. मी जे सुचवणार आहे ते त्यांना परकं वाटणार नाही.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत भिंतीतच फडताळ असतं. दारं लावली की ती भिंतच. टीव्हीचं तसं फडताळ करा. मात्र तुमच्या भिंतीला हात लावू नका, जुन्या बंगल्याच्या नऊ इंची विटांत कोनाडा खोदणं धोक्याचं आहे. भिंत फोडायच्या ऐवजी ती पुढं आणायची. स्पीकरच्या मागच्या भिंतीवर चार इंच खोल लाकडी सांगाडा उभारा. मध्यभागी टीव्हीपुरती जागा मोकळी ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या खणांत रॉकवूल (दगडापासून केलेली, आवाज शोषणारी लोकर) भरा, घनमीटरला ४८ किलो घनतेचं, जे इन्सुलेशनवाल्यांकडे पाट्यांच्या रूपात मिळतं. टीव्ही त्या मोकळ्या जागेत भिंतीला टेकून बसतो. त्याच्यासमोर वरच्या रुळावर टांगलेली दोन सरकती दारं. दारांतही दोन इंच रॉकवूल, वरून कापड. सगळं मिळून भिंत सात-आठ इंच पुढं येते.

मापं बघा. ६५ इंचाचा टीव्ही पावणेपाच फूट रुंद, म्हणजे प्रत्येक दार अडीच फूट. उघडल्यावर मधला टीव्ही आणि दोन्ही दारं मिळून दहा फूट जागा घेतात आणि तुमची भिंत बारा फूट आहे. बसतंय. टीव्ही बघताना दारं स्पीकरच्या मागं जाऊन उभी राहतात. गाण्याच्या वेळी ती मध्ये येऊन काच झाकतात आणि कठीण पृष्ठभागाच्या जागी मऊ भिंत उभी राहते. गवयाची जागा रिकामी ती रिकामीच. यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते : चार इंचांचा थर साधारण २५० हर्ट्झच्या वरचा आवाज चांगला शोषतो. त्याखालच्या घुमाऱ्याला तो पुरत नाही. १७ फूट लांबीच्या खोलीत ३३ हर्ट्झच्या आसपास जी गाज उठते, तिला तर हा थर दिसतही नाही, तिच्यासाठी भिंत म्हणजे मागची वीट. खालच्या सुरांचा आज काही त्रास असेल तर तो या कामानं जाणार नाही. नसेल तर वाढणारही नाही.

कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली पाहिजे. रेक्झिन, चामडं, लॅमिनेट काही नको. खादी उत्तम, साधं मांजरपाट रंगवून घेतलं तरी चालतं. रॉकवूलचे तंतू त्वचेला खाजतात आणि श्वासात जाऊ नयेत, म्हणून आधी ते पातळ कापडात शिवून घ्या. भरताना कारागिरांना हातमोजे आणि मास्क द्या, ते स्वतःहून मागणार नाहीत.

दारं खडखडता कामा नयेत. रुळाच्या शेवटी आणि खालच्या खाचेत फेल्टच्या पट्ट्या लावायला सांगा. काम झाल्यावर फोनवरून २० ते २०० हर्ट्झ हळूहळू चढत जाणारा सूर स्पीकरवर लावा आणि हात फिरवत प्रत्येक फळी, बिजागरी, स्क्रू चाचपा. जे थरथरतं ते हाताला लागतं. सुतार समोर असतानाच हे करा.

पावसाळ्याचा विचार आधीच करा. ती भिंत बाहेरची असेल आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिला ओल धरत असेल, तर आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग, मगच हे सगळं. ओल्या भिंतीवर रॉकवूल लावलं की मागं बुरशी धरते आणि कळायला उशीर होतो. त्याच हवेत रेकॉर्डींची कव्हरंही खराब होतात. सांगाड्याला वाळवीचं औषध मारून घ्या. दारांच्या चौकटीला वाळलेलं सागवान घ्या आणि फटी थोड्या सैल ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत आखडतं. टीव्हीच्या वर-खाली हवेला वाट हवीच. दारं बंद असताना टीव्ही चालू ठेवायचा नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं.

एवढं सुतारकाम नको असेल तर? छतालगत दांडा, त्यावर घोंगडीसारख्या जाड लोकरी कापडाचा दुप्पट रुंदीचा चुणीदार पडदा, टीव्हीपासून चार इंच पुढं. फडताळाइतका तो काम करत नाही, पण खर्च किरकोळ आणि गाणं त्यानं बिघडत नाही. पेटीपेक्षा तो केव्हाही परवडला.

वायरींचं एक सांगते, कारण यात बरेच जण फसतात. टीव्ही अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की बऱ्याचदा स्पीकरमधून घूं असा आवाज सुरू होतो. लोक अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेतात. दोष असतो डिशच्या किंवा केबलच्या वायरीत. तिचं अर्थिंग एकीकडे, तुमच्या घराचं दुसरीकडे, आणि दोन्हींतल्या फरकानं ऑडिओच्या वायरीतून करंट वाहतो. सेट टॉप बॉक्सची डिशकडून येणारी वायर काढून बघा. घूं थांबलं तर तेच कारण. उपाय असा : टीव्हीतून आवाज ऑप्टिकल केबलनं काढा. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, करंट नाही. पुढं एक छोटा डीएसी (डिजिटल आवाज साध्या ऑडिओ सिग्नलमध्ये बदलणारा डबा) लावून तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला द्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम या साध्या डिजिटल पर्यायावर ठेवा. टीव्ही घ्यायच्या आधी मागं ऑप्टिकल आउट आहे की नाही ते डोळ्यांनी बघून घ्या. आणि कुणी कितीही सांगितलं तरी घुमणं थांबवायला प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कित्येक शे व्होल्ट असतात.

सासूबाईंच्या मालिकांसाठी मात्र अ‍ॅम्प्लिफायर लावूच नका. रोजचे चार तास तापून व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतील, आणि आजींना दोन-दोन रिमोट सांभाळायला लावणं योग्य नाही. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर पुरे. ते बहुतेक खाली तोंड करून असतात आणि भोवती रॉकवूल असल्यानं आवाज दबेल, म्हणून टीव्हीच्या बरोबर खाली गुळगुळीत लाकडाची एक फळी पुढं उतरती बसवा. संवाद तिच्यावरून समोर येतात. सिनेमा आणि क्रिकेट यजमानांनी खुशाल मोठ्या स्पीकरवर ऐकावं. मधला तिसरा स्पीकर घ्यायची गरज नाही, मधोमध बसलं की पात्रं पडद्यातूनच बोलतात, गवई बोलतो त्याच न्यायानं.

तुमचे यजमान मनातून थोडे खट्टू असतील. त्यांना एवढंच सांगा : दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपला रामनाम आधार आश्रम नाशकातच काढला. मूकपटांच्या काळात पडद्यापुढं पेटी-तबल्याची साथ बसायची. चित्र आणि गाणं या गावात एका छपराखाली राहिलेलं आहे.

रेकॉर्ड प्लेयर आत्ता स्पीकरच्या मध्ये असेल तर तो बाजूच्या भिंतीशी हलवा, कोपरा टाळून. रेकॉर्डींची मांडणी ऐकणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीला राहू द्या, तिथं ती आवाजालाही उपयोगी पडते.

सुताराचा शेवटचा हप्ता देण्याआधी सासूबाईंना बोलवा. दाराची मूठ त्यांच्या कमरेच्या उंचीला हवी, त्यांच्या बोटांत मावेल अशी. त्यांनी काठी एका हातात धरून दुसऱ्या हातानं दार सरकवावं. अडलं, जोर लावावा लागला, तर रूळ पुन्हा बसवून घ्या. सहज सरकलं तर पैसे द्या, आणि त्या दिवशी पहिली रेकॉर्ड त्यांना विचारून लावा. त्या रेकॉर्डी त्यांच्या घरात तुमच्या कितीतरी आधी आलेल्या आहेत.